करंगळी बांधलेली असताना टर्मिनल: एका टेबलावरचं प्रकरण

ताईंच्या डाव्या हाताची करंगळी घरच्या दाराच्या फटीत सापडली आणि हाड मोडलं. डॉक्टरांनी करंगळी शेजारच्या बोटाला बांधून टाकली आणि सहा आठवडे त्या बोटांवर जोर द्यायचा नाही असं सांगितलं. चौथ्या दिवशी ताई कामावर हजर होत्या. आमच्याकडे जुन्या मराठी मासिकांचं स्कॅनिंग चालतं. स्कॅन होऊन आलेल्या पानांची नावं तपासणं, फाइली योग्य फोल्डरात हलवणं, रूपांतराच्या स्क्रिप्ट चालवणं आणि सगळं दोन सर्व्हरवर चढवणं हे त्यांचं काम. ते जवळजवळ सगळं लिनक्सच्या टर्मिनलात, म्हणजे टाइप करून कमांड देण्याच्या खिडकीत, आणि त्या कमांड वाचून चालवणाऱ्या बॅश या शेलमध्ये होतं. टर्मिनलात तरबेज असलेला माणूस डाव्या करंगळीवर किती जगतो, हे मला त्या दिवशी नीट कळलं. कंट्रोल हे बटण त्या बोटाखाली असतं.

त्यांनी मला हाक मारली ती तक्रार म्हणून नव्हे. त्यांना एवढंच विचारायचं होतं, "डाव्या हाताचं कंट्रोल न दाबता मागची कमांड शोधता येईल का रे?"

मी लगेच सल्ला द्यायला गेलो आणि तिथेच माझं चुकलं. मी म्हटलं, कॅप्स लॉकला कंट्रोल करून टाकू. हा सल्ला जुना आणि चांगला आहे, त्याला इतिहासही आहे. १९७६ साली आलेल्या एडीएम-३ए या टर्मिनलवर (तेव्हा टर्मिनल म्हणजे पडदा आणि कीबोर्ड असलेलं यंत्र) कंट्रोल आज जिथे कॅप्स लॉक असतं तिथेच, एच्या डाव्या बाजूला होतं. बिल जॉय यांनी व्हीआय हा एडिटर त्याच टर्मिनलवर लिहिला. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डवरही कंट्रोल तिथेच होतं. पुढे १०१ बटणांचा कीबोर्ड आला आणि ते खाली कोपऱ्यात गेलं. ओळीच्या सुरुवातीला नेणारं कंट्रोल-ए, शेवटी नेणारं कंट्रोल-ई, मागची कमांड शोधणारं कंट्रोल-आर हे शॉर्टकट जुने आहेत, आणि अशा कीबोर्डांवर कंट्रोल करंगळीच्या सरळ रेषेत मिळत होतं. पण कॅप्स लॉकही दाबायचं डाव्या करंगळीनेच, आणि ताईंची नेमकी तीच करंगळी बांधलेली होती. त्यांनी मला हात वर करून दाखवला, मी गप्प झालो.

मग उजवं कंट्रोल. ते त्यांनी माझ्या आधीच दोन दिवस वापरून पाहिलं होतं आणि उजवं मनगट दुखायला लागलं होतं. डेस्कटॉपमधली स्टिकी की ही सोयही चालू करून पाहिली. तिच्यात कंट्रोल एकदा दाबून सोडायचं आणि मग अक्षर दाबायचं. सोय उत्तम आहे, पण कंट्रोल लागोपाठ दोनदा दाबलं गेलं की ते अडकून राहतं. मग पुढचं सी हे साधं अक्षर टाइप करताना कंट्रोल-सी होतं आणि लिहिलेली ओळ रद्द होते. वेगाने काम करणाऱ्या हाताला ते पेलवेना.

तेव्हा सल्ले देणं थांबवलं आणि एक सकाळभर मी त्यांच्या शेजारी नुसता बसून राहिलो. शॉर्टकट बदलायचे तर आधी माणूस खरोखर काय करतो ते बघावं, असं माझं मत त्या सकाळी पक्कं झालं. ताई दिवसभर चारच गोष्टी पुन्हा पुन्हा करत होत्या. मागच्या कमांडपैकी विशिष्ट कमांड शोधायची. फाइलीच्या लांबलचक मार्गाचा, म्हणजे पत्त्याचा, शेवटचा तुकडा पुसून तिथे दुसरा लिहायचा. आधीच्या कमांडमधलं शेवटचं फाइलनाव पुन्हा घ्यायचं. आणि त्या त्या दिवसाच्या फोल्डरात जायचं. या चारांपलीकडे शॉर्टकटांची भलीमोठी यादी त्यांना नको होती.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर पुढचं समजणार नाही. टर्मिनलात बटण दाबलं की ते थेट शेलला मिळत नाही. आधी कीबोर्डचा लेआउट ठरवतो की हे बी आहे की व. मग टर्मिनलची खिडकी काही बटणं स्वतःच गिळते. ताईंच्या टर्मिनलात एफ१ मदत उघडायचं, एफ१० मेनू, एफ११ पूर्ण पडदा. उरलेलं बटण एक किंवा अनेक बाइट होऊन कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, टीटीवाय या थरात जातं, आणि तिथेही काही बाइटांना आधीपासून अर्थ दिलेले असतात. सगळ्यात शेवटी ते रीडलाइनकडे पोहोचतं. रीडलाइन ही बॅशची ओळ लिहिण्या-खोडण्याची लायब्ररी. ब्रायन फॉक्स यांनी बॅशबरोबरच ती लिहिली आणि पुढे चेट रॅमी यांनी दोन्ही सांभाळली. शॉर्टकट चालत नाही असं दिसलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: बटण वाटेत कुठे अडलं?

उजव्या हाताच्या अक्षरांवर शॉर्टकट हलवावेत असं मला आधी वाटलं होतं. कंट्रोलचं गणित पाहिल्यावर तो बेत सोडला. कंट्रोल आणि अक्षर मिळून एकच बाइट तयार होतो, अक्षराच्या आकड्यातून ६४ वजा करून. ए म्हणजे ६५, म्हणून कंट्रोल-ए म्हणजे १. त्याच हिशेबाने कंट्रोल-आय ९ होतं, आणि टॅबही ९ च आहे. कंट्रोल-एम १३, म्हणजे एंटर. कंट्रोल-जे १०, तोही ओळ संपवतो. कंट्रोल-एच ८, म्हणजे बॅकस्पेस. उजव्या हाताची चार अक्षरं अशी आधीच अडलेली आहेत. कंट्रोल-आय नव्या कामाला लावलं की टॅब बिघडतो, कारण शेलला त्या दोघांत फरक दिसतच नाही.

म्हणून ठरवलं की कुठलंही जोडबटण नकोच. बाणांची बटणं आणि एफ-बटणं घ्यायची. एक बटण, एक बोट.

एफ५ शेलला काय पाठवतं हे अंदाजाने लिहू नये. मी ताईंच्या टर्मिनलात कंट्रोल-व्ही दाबलं आणि मग एफ५. कंट्रोल-व्हीमुळे पुढचं बटण अर्थ न लावता जसंच्या तसं उमटतं. एस्केपचं चिन्ह, चौकटी कंस, मग १५ आणि टिल्डा असं दिसलं. एफ६ ला १६ असेल असं कुणालाही वाटेल, पण तिथे १७ येतो. एफ७ ला १८, एफ८ ला १९, एफ९ ला २०. एफ१० आणि एफ११ यांच्यामध्ये पुन्हा एक आकडा गळतो, २१ नंतर थेट २३. हे क्रमांक डेक या संगणक कंपनीच्या जुन्या टर्मिनलांकडून आलेले आहेत आणि आजचे टर्मिनल प्रोग्रॅम ते तसेच पाळतात. अंदाजाने १६ लिहिलं असतं तर एफ६ मुकं राहिलं असतं आणि आम्ही तासभर भलतीकडे शोधत बसलो असतो.

मग ताईंच्या होम फोल्डरात डॉट-इनपुटआरसी नावाची फाइल केली. रीडलाइन सुरू होताना ती वाचते. पहिल्या दोन ओळी वरच्या आणि खालच्या बाणासाठी. साधा वरचा बाण मागची कमांड आणतो, मग ती कुठलीही असो. त्याऐवजी हिस्टरी-सर्च-बॅकवर्ड ही रीडलाइनची आज्ञा त्या बटणाला बांधली, म्हणजे नेमून दिली. त्यामुळे ओळीच्या सुरुवातीला जे काही लिहिलं असेल, तेवढ्यानेच सुरू होणाऱ्या जुन्या कमांड एकेक करून वर येतात. आरसिंक (फाइली सर्व्हरवर चढवायची कमांड) एवढं लिहून वरचा बाण दाबला की फक्त आरसिंकच्या कमांड दिसतात. रिकाम्या ओळीवर बाण पूर्वीसारखाच चालतो, म्हणून जुनी सवय मोडत नाही. माझ्या मते सबंध शेलमध्ये एकच शॉर्टकट बदलायचा असेल तर तो हाच. ताईंनी तो पाच मिनिटांत उचलला आणि त्यांच्या तोंडून "अरे, मग कंट्रोल-आर लागतच नाही की!" असं निघालं.

त्याच दिवशी दुपारी पहिली अडचण आली. पेज-अप बंद पडलं. आमच्या मशीनवर हिस्टरीत, म्हणजे जुन्या कमांडच्या यादीत, शोधण्यासाठी पेज-अप आधीपासून बांधलेलं होतं. ते ज्या फाइलीत लिहिलं होतं ती सगळ्यांसाठीची, ईटीसी फोल्डरातली इनपुटआरसी. रीडलाइनला वापरणाऱ्याची स्वतःची फाइल सापडली की ती सगळ्यांसाठीची फाइल वाचत नाही. दोन्ही हव्या असतील तर आपल्या फाइलीच्या पहिल्या ओळीत डॉलर-इन्क्लूड लिहून त्या फाइलीचा पत्ता द्यावा लागतो. मी तो दिला नव्हता. चूक माझी होती आणि ती एका ओळीने सुटली. पण ताईंनी लक्षात आणून दिलं नसतं तर मला कळलंही नसतं, कारण मी पेज-अप वापरत नाही.

आता मार्गाच्या शेवटच्या तुकड्याची गोष्ट. या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला.

आमच्या फाइलींचे मार्ग लांब असतात: संग्रह, मासिकाचं नाव, वर्ष, अंक, पान. मधली बरीच नावं देवनागरीत. ताईंना शेवटचा तुकडा, म्हणजे शेवटच्या तिरप्या रेषेनंतरचं नाव, पुसायचं असतं. बॅशमध्ये कंट्रोल-डब्ल्यू मागचा शब्द पुसतं, पण त्याच्या लेखी शब्द म्हणजे मागच्या मोकळ्या जागेपर्यंतचं सगळं. म्हणजे एका फटक्यात सबंध मार्ग जातो. रीडलाइनमध्ये आणखी दोन आज्ञा आहेत. बॅकवर्ड-किल-वर्ड अक्षरं आणि अंक यांचा सलग पट्टा पुसते. युनिक्स-फाइलनेम-रबआउट मोकळ्या जागेपाशी किंवा तिरप्या रेषेपाशी थांबते. देवनागरी नावांसाठी मला दुसरी जास्त भरवशाची वाटली, कारण अक्षर कुठलं आणि चिन्ह कुठलं हे ठरवण्याच्या भानगडीत ती पडतच नाही. तिला फक्त रेषा आणि मोकळी जागा कळते.

ती मी कंट्रोल-डब्ल्यूवर बांधली, उजवं कंट्रोल आणि डावी तर्जनी असं एवढं एकच ताईंना जमत होतं म्हणून. शेलला फाइल पुन्हा वाचायला लावली. ताईंनी दाबून पाहिलं आणि सबंध मार्ग पुसला गेला. फाइलीतलं शुद्धलेखन तपासलं. नवी खिडकी उघडली. तरी तेच. तीच आज्ञा एफ८ वर बांधली तर तिथे निमूट चालली. म्हणजे आज्ञा बरोबर होती, फाइलही वाचली जात होती, आणि तरी कंट्रोल-डब्ल्यू ऐकत नव्हतं.

कारण टीटीवायच्या थरात निघालं. तिथे काही खास अक्षरं ठरलेली असतात: अक्षर खोडण्याचं, शब्द खोडण्याचं, ओळ खोडण्याचं आणि पुढचं अक्षर जसंच्या तसं घेण्याचं. एसटीटीवाय -ए ही कमांड दिली की ती यादी दिसते आणि त्यात डब्ल्यूइरेझ, म्हणजे शब्द खोडण्याच्या अक्षरासमोर, कंट्रोल-डब्ल्यू असतं. रीडलाइन प्रत्येक वेळी ओळ वाचायला बसताना ही अक्षरं बघते आणि त्यांच्यावर आपल्या जोडीच्या आज्ञा स्वतःच बांधते. आपण फाइलीत लिहिलेली बांधणी अशी झाकली जाते. हे बंद करायचे दोन मार्ग आहेत. इनपुटआरसीत बाइंड-टीटीवाय-स्पेशल-कॅर्स हा पर्याय ऑफ करायचा, किंवा एसटीटीवायला सांगून डब्ल्यूइरेझ हे अक्षरच काढून टाकायचं. कंट्रोल-डब्ल्यू बदलून पाहणाऱ्या कितीतरी जणांची इथे गाडी अडते आणि ते फाइलीलाच दोष देत राहतात. फाइलीत काही चुकलेलं नसतं.

उपाय सापडला तरी मी तो लावला नाही. ताईंना विचारलं, "सर्व्हरवर कंट्रोल-डब्ल्यू काय करेल?"

त्या म्हणाल्या, "पूर्वीसारखं सगळं पुसेल."

एकाच बटणाचा इथे एक अर्थ आणि सर्व्हरवर दुसरा, हे मला धोक्याचं वाटतं. हात बघून चालत नाहीत, सवयीने चालतात. फाइली हलवण्या-पुसण्याच्या कमांडमध्ये मार्ग आपल्याला वाटला त्यापेक्षा वेगळा उरला तर ते महागात पडू शकतं. म्हणून ज्या बटणाला आधीच अर्थ आहे त्याला हात लावायचा नाही, नवं काम रिकाम्या बटणाला द्यायचं, असं आम्ही ठरवलं. मार्गाचा तुकडा पुसणं एफ८ वर राहिलं. जिथे ताईंची फाइल नाही तिथे एफ८ दाबलं गेलं तर फार तर एखादं भरकटलेलं चिन्ह उमटेल, आणि ते एंटर दाबायच्या आधी डोळ्यांना दिसेल.

पुढची दोन बटणं पटकन झाली. आधीच्या कमांडचा शेवटचा शब्द आणण्यासाठी यँक-लास्ट-आर्ग ही आज्ञा आहे. ती एरवी ऑल्ट आणि टिंब दाबून मिळते, आम्ही ती एफ७ वरही ठेवली. कमांड लांब झाली तर एडिटरमध्ये उघडून लिहिता यावी म्हणून कंट्रोल-एक्स कंट्रोल-ई असतं, ते एफ६ वर आलं.

एफ९ वरून आमचा थोडा वाद झाला. इनपुटआरसीत बटणाला आज्ञेऐवजी मजकूरही बांधता येतो. बटण दाबलं की तो मजकूर आपणच टाइप केल्यासारखा ओळीत येतो, आणि त्यात एंटरही घालता येतो. ताईंना एफ९ ने त्या दिवसाच्या फोल्डरात जायचं होतं आणि फाइली सर्व्हरवर चढवायची कमांडही एका दाबात सुटायला हवी होती. मी म्हटलं, "फोल्डरात जायला एंटर चालेल. चढवायच्या कमांडला एंटर तुमचा तुम्ही दाबा, ताई." आरसिंकला पलीकडच्या जादा फाइली पुसायचा पर्याय दिलेला असेल आणि आपण भलत्याच फोल्डरात उभे असू, तर चांगली पानं पुसली जातील. त्यातली काही मासिकं पुन्हा स्कॅन करायला हातात धरण्याच्या अवस्थेतही राहिलेली नाहीत. ताई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. दिसू दे आधी." एफ९ ला एंटरसकट फोल्डर मिळालं. चढवायची कमांड एफ५ वर आली, एंटरशिवाय.

सगळं बसल्यावर ताईंनी एक जुनी घटना सांगितली. ती या प्रकरणात आणखी एक दुरुस्ती घालून गेली. महिन्याभरापूर्वी त्या कंट्रोल-आरने कमांड शोधत होत्या, एक कमांड पुढे निघून गेली, म्हणून उलट यायला कुठेतरी वाचलेलं कंट्रोल-एस दाबलं. पडदा गोठला. टाइप केलेलं काही दिसेना. सर्व्हर हँग झाला असं समजून त्यांनी खिडकी बंद केली आणि मागे चालू असलेलं रूपांतर अर्ध्यात गेलं. कंट्रोल-एस हा खरं तर टेलिटाइपच्या काळातला थांब असा इशारा आहे, बाइट क्रमांक १९. त्याला सोडवणारं कंट्रोल-क्यू, बाइट क्रमांक १७. टीटीवाय तो इशारा वरच्या वर पकडतो, म्हणून पुढे शोधण्याची रीडलाइनची आज्ञा त्या बटणावर बांधलेली असूनही तिच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही. कंट्रोल-डब्ल्यूची गोष्ट आणि ही गोष्ट एकाच थरातली आहे. बॅश सुरू होताना वाचतो त्या बॅशआरसी फाइलीत एसटीटीवाय -आयएक्सऑन ही ओळ घातली की पडदा गोठत नाही. ती ओळ, शेल माणसासाठी उघडलंय का हे तपासून नसेल तर परत फिरणाऱ्या ओळींच्या खाली लिहावी. नाही तर दुसऱ्या मशीनवरून नुसती कमांड पाठवली की टर्मिनल नसल्यामुळे एसटीटीवाय तक्रार करतो. ताईंना मी कागदावर एवढंच लिहून दिलं: पडदा गोठला तर आधी कंट्रोल-क्यू.

राहिला सर्व्हर. तिथलं खातं सामाईक आहे, रात्रपाळीचे दादाही तेच वापरतात. त्या खात्याची इनपुटआरसी बदलणं म्हणजे त्यांना न विचारता त्यांचे बाण बदलणं, ते मला करायचं नव्हतं. ताईंची फाइल सर्व्हरवर त्यांच्या कामाच्या फोल्डरात ठेवली. लॉगिन झाल्यावर बाइंड -एफ आणि फाइलीचं नाव एवढी एक कमांड दिली की ती फाइल फक्त त्या चालू शेलला लागू होते. लॉगआउट केलं की मागे काही उरत नाही.

एक फायदा आम्ही ठरवून मिळवलेला नव्हता. ताई फाइलींची नावं इनस्क्रिप्टमध्ये लिहितात. लेआउट मराठीवर असताना ऑल्ट-बीने एक शब्द मागे जायला बघितलं तर काम होत नसे, कारण तेव्हा त्या बटणावर व असतो आणि शेलकडे ऑल्ट-व जातं. दर वेळी लेआउट बदलायचा, शॉर्टकट दाबायचा आणि पुन्हा मराठीवर यायचं असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. तो त्यांच्या इतका अंगवळणी पडला होता की त्याची अडचण अशी त्यांनी मला कधी सांगितलीच नव्हती. बाण आणि एफ-बटणं कुठल्याही लेआउटमध्ये तीच राहतात. दुसऱ्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "मी आज सकाळपासून लेआउट बदललेलाच नाही." मला या सगळ्या खटाटोपातलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं. देवनागरीत काम करणाऱ्या माणसाने शॉर्टकट निवडताना अक्षरांपासून लांब राहावं, हे मी आता इतरांनाही सांगतो.

सहा आठवड्यांनी पट्टी सुटली. डॉक्टरांनी बोट हळूहळू वापरायला सांगितलं. ताईंनी एफ६ काढून टाकलं, ते त्यांनी फारसं वापरलंच नव्हतं. कंट्रोल-ए आणि कंट्रोल-ई परत आले. बाण, एफ७, एफ८ आणि एफ९ राहिले. एफ५ ही राहिलं, अजून एंटरशिवायच.

परवा मी सर्व्हरवरची ती फाइल उघडली तेव्हा तिच्यात माझ्या नसलेल्या ओळी दिसल्या. प्रत्येक बांधणीच्या वर हॅशचं चिन्ह देऊन ताईंनी मराठीत टीप लिहिली आहे. एफ८ च्या वर लिहिलंय, "शेवटच्या रेषेपर्यंतच पुसतं, घाबरू नका." सगळ्यात वर रात्रपाळीच्या दादांसाठी एक ओळ आहे: हवी असेल तर बाइंड -एफ करून घ्या, नको असेल तर काही करू नका.